दिव्यांगांसोबत स्मार्ट स्वयंपाकघर कसं घडवायचं: विदर्भातल्या खेड्यांसाठी, पायरी-पायरीनं

प्रोजेक्टचे दिवस आले की कॉलेजची मुलं विचारायला येतात, "सर, अंधांसाठी बोलणारी शेगडी करायची आहे, सेन्सर कोणता घेऊ?" सेन्सरचा प्रश्न खाली सहाव्या पायरीवर येतो. त्याआधीच्या पाच पायऱ्या गाळल्या की वस्तू प्रदर्शनात बक्षीस मिळवते आणि घरी माळ्यावर जाते.

वर्धा, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर या पट्ट्यातल्या गावांमध्ये दिव्यांगांच्या घरी स्वयंपाकाची साधनं बनवायला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. इंजिनीअरिंग किंवा आयटीआयचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते किंवा घरातल्याच माणसासाठी काहीतरी करून बघणारे, कुणालाही उपयोगी पडेल. इंटरनेटवर सापडणारी बहुतेक डिझाइनं उभ्यानं काम करायच्या ओट्यासाठी, चोवीस तास वीज आणि वायफाय असलेल्या घरासाठी काढलेली असतात. आपल्याकडे आत गॅस, पडवीत चूल, वर टिनाचं छत, मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आणि निम्मं काम पाटावर बसून. तिथूनच सुरुवात करावी लागते.

१. आधी माणूस गाठा, वस्तू नंतर

पहिल्या भेटीला बॅगेत काहीही नेऊ नका. टेबलावर सर्किट ठेवलं की समोरचा माणूस भिडेपोटी "चांगलं आहे" म्हणतो आणि तुमचं संशोधन तिथंच संपतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व नोंदलं आहे. 'दिव्यांगांसाठी शेगडी' असं काही बनवता येत नाही, हे ती यादी वाचूनच कळतं. आपल्या भागात यातले काही प्रकार वारंवार भेटतात, आणि प्रत्येकाचा चुलीशी असलेला झगडा वेगळा आहे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या बोटांना गरम लागतच नाही, त्यामुळे भाजल्याचं त्याला फोड दिसल्यावर समजतं. सिकलसेल असलेल्या मुलीला नुसतं धगीपुढे उभं राहणं महागात पडतं. अंगातलं पाणी कमी झालं की तिचं दुखणं उसळू शकतं. कडबा कुट्टीत किंवा मळणीयंत्रात हात गेलेला शेतकरी, लकवा मारलेल्या काकू, जन्मापासून न दिसणारी सून, ऐकू न येणारी आई यांना एकाच यंत्रात बसवायचा प्रयत्न करू नका.

इथले सापळे:

- प्रश्न सुनेला विचारता आणि उत्तर सासू देते. सासूबाईंचं आदरानं ऐकून घ्या, मग मान वळवून म्हणा, "ताई, आता तुम्ही सांगा." गरज पडली तर दुसऱ्या दिवशी वेगळे बसा.
- ऐकू न येणाऱ्या बाईसाठी तिच्या दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नका. मूल अर्धं गाळतं, आणि आई मुलासमोर सगळं सांगतही नाही. जवळच्या मूकबधिर विद्यालयातल्या शिक्षकांना विनंती करा.
- मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या काही पोडांवर (कोलामांच्या वस्त्यांवर) कोलामी. तिथं मराठी प्रश्नावली नेली तर माना डोलतील, माहिती मिळणार नाही.
- कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कुणी सापडत नाही. वेळ त्यांना विचारून ठरवा.

आणि रोजी द्या. दिवसभर तुम्हाला शिकवणारी बाई त्या दिवशी मजुरीला गेली असती. ती तुमच्या चाचणीचा 'नमुना' नाही, डिझाइन करणारी आहे, तेव्हा प्रोजेक्टच्या खर्चात तिच्या मजुरीची ओळ पहिल्यापासून लिहा.

२. एक अख्खा स्वयंपाक बघा, हात न लावता

पाणी भरण्यापासून भांडी पालथी घालेपर्यंत. मधे उठू नका, मदत करू नका, सुचवू नका. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण न दिसणाऱ्या बाईचा हात तव्याजवळ गेला की आपला जीव वर येतो. तिचा हात मात्र रोजच जातो.

वहीत काय टिपायचं? जमिनीपासून मोजपट्टीनं: बसल्यावर कोपर किती उंचीवर येतो, हात पुढे आणि वर कुठवर पोचतो, शेगडीचं बटण कुठं आहे. बटणापर्यंत जाताना हात ज्योतीवरून जातो का, हे मुद्दाम बघा. उजेड कुठून येतो. पाणी कोण आणतं. सामान कोणत्या क्रमानं मांडलेलं आहे, आणि ते कुणी हलवलं तर काय होतं.

सगळ्यांत मोलाच्या त्यांच्या जुन्या युक्त्या. न दिसणारी बाई मोहरीच्या तडतडण्यावरून तेल ओळखते, भाताचं पाणी बोटाच्या पेरावर मोजते, बेसन शिजलं की नाही ते पळी फिरवताना मनगटाला कळतं. ऐकू न येणारी बाई कुकरच्या शिट्ट्या वाफेवरून मोजते. तुमचं यंत्र यातल्या एखाद्या युक्तीत लुडबुड करत असेल, म्हणजे सतत पिरपिर करून मोहरीचा आवाज दडपत असेल, तर ते मदत करत नाही, आंधळं करतं. युक्ती जिथं अपुरी पडते तिथंच यंत्राला जागा.

शेवटी एकच प्रश्न: "मागच्या वेळी कुठं भाजलं, दाखवता का?" सगळ्या प्रश्नावलीपेक्षा या एका उत्तरात जास्त सापडतं.

३. कागद आणि सामान

कागद:

- युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र (योजनेचा पैसा हवा असेल तर, बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतं). नसेल तर स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज आणि जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणी. तपासणीचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून मगच माणसाला एसटीत बसवा.
- आधार कार्ड आणि बँक पासबुकाची प्रत.
- वीजबिल. त्यावरचा 'मंजूर भार', म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, पुढे लागणार आहे.
- गॅसचा ग्राहक क्रमांक, आणि नळीवरची तारीख. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते.
- संमतीपत्र, मराठीत, एका पानाचं. न वाचता येणाऱ्याला ते वाचून दाखवा. फोटोची संमती वेगळी घ्या. कुष्ठमुक्त माणसांच्या हातांचे फोटो तर विचारल्याशिवाय काढूच नका.

सामान: मोजपट्टी, पुठ्ठा, कात्री, एम-सील, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, ईएसपी-३२ बोर्ड (सेन्सर वाचून बाकीचे भाग चालवणारा छोटा संगणक), डीएफ प्लेयर मिनी (मेमरी कार्डवरचा आवाज वाजवणारा भाग) आणि छोटा स्पीकर, कंपन मोटर, मोठी दाबायची बटणं, ५ व्होल्टचा चांगला अॅडॅप्टर. नागपुरात सीताबर्डीला सुटे भाग मिळतात. जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांसाठीची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर मुख्याध्यापकांना भेटा, थ्री-डी प्रिंटर आणि बोर्ड तिथं असतात आणि बऱ्याचदा कपाटात पडून असतात.

४. अडचण एका वाक्यात लिहा, आणि वीज न लागणारं उत्तर आधी शोधा

'स्वयंपाक सुलभ करणे' हे वाक्य नाही. 'शेगडी पूर्ण बंद झाली की मंद राहिली, हे संगीताताईंना हातानं कळत नाही' हे वाक्य आहे. (नाव मी घातलं आहे, तुम्ही तुमच्या घरातलं घाला.) या अडचणीला सेन्सर लागत नाही. बटणावर एक आणि शेगडीच्या अंगावर एक असे एम-सीलचे दोन ठिपके द्या. ठिपके समोरासमोर आले की बंद.

एका हातानं चिरायचं असेल तर पाटावर दोन स्टीलचे खिळे उलटे ठोका, त्यात आलू रुतवा, पाटाखाली रबर लावा. हात बधिर असेल तर स्टीलच्या पेल्याऐवजी लाकडी मुठीचा कप द्या. वरोऱ्याचं आनंदवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन या कुष्ठसेवेच्या जुन्या संस्था आहेत. तिथल्या माणसांशी दोन तास बोललात तरी बधिर हातांनी काम करण्याबद्दल कळेल ते पुस्तकात नाही.

आता बसून स्वयंपाक करणाऱ्यांचा प्रश्न. पोलिओनं पाय गेलेली, जमिनीवर सरकत वावरणारी बाई गॅसची शेगडी जमिनीवर मागते, आणि तिचं बरोबर आहे, कारण तिची उंची तीच आहे. पण नियम असा की शेगडी सिलेंडरपेक्षा वर हवी. मग काही जण सिलेंडर खड्ड्यात उतरवतात. हे कधीही करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खड्ड्यात साचून राहतो. त्यामुळे दोनच वाटा उरतात. बाईला उंच बसवायचं, म्हणजे चाकं अडकवता येतील असं ठेंगणं आसन, पाठीला आधार आणि चढायला मधली पायरी. नाहीतर बुटक्या ओट्यावर इंडक्शन. कोणती वाट घ्यायची ते तिला विचारा. उंच आसनावर गेल्यावर खाली पडलेली पळी उचलणार कोण, हा प्रश्न तीच तुम्हाला विचारेल. कॉलेजात तो कुणाला सुचत नाही.

५. पहिला नमुना पुठ्ठ्याचा

बोलणारं यंत्र करायचं आहे? आधी पुठ्ठ्याची खोकी ठेवा, त्यावर बाटलीची झाकणं चिकटवून बटणं करा, आणि यंत्राच्या जागी मागं बसून तुम्हीच बोला. ती झाकण दाबेल, तुम्ही म्हणा, "तेल गरम झालं." अर्ध्या तासात कळतं की तिला हे वाक्य नकोच आहे. तिला 'दूध वर येतंय' हवं आहे. दुधासाठी आवाज करणारी दूधचकती बाजारात मिळते, तीही बिनविजेची.

पुठ्ठ्यावर झाकणांची जागा तिलाच ठरवू द्या आणि तिनं ठरवलेली जागा पेनानं आखून घ्या.

थ्री-डी प्रिंटरकडे लगेच धावू नका. त्यात सहसा वापरतात ते पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांला मऊ पडतं. शेगडीजवळ सोडाच, उन्हाळ्यात टिनाखालच्या फळीवरही त्याचं झाकण वाकडं होऊ शकतं. लाकूड, पत्रा, निदान एबीएस (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) वापरा.

६. आता सेन्सर

*गॅस गळतीचा इशारा.* सगळ्यांना हेच करायचं असतं, म्हणून इथं जरा थांबू. एमक्यू-६ हा सेन्सर स्वस्त आहे, शिकायला उत्तम आहे. पहिल्या वापराआधी तो किमान २४ तास तापवत ठेवावा लागतो. त्याचं आउटपुट ५ व्होल्टपर्यंत जातं आणि ईएसपी-३२ची पिन ३.३ व्होल्टचीच, म्हणून मधे १० आणि २० किलोओहमचे रोधक घालून व्होल्टेज उतरवा. लावायचा जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण गॅस खाली बसतो. छताला लावलेला सेन्सर शोभेचा.

पण जिवाशी गाठ असलेल्या ठिकाणी स्वतः जुळवलेल्या एमक्यू-६वर माणूस सोडू नका. आर्द्रता आणि तापमानानुसार त्याचं वाचन सरकतं. एकदा खोटा भोंगा वाजला, दोनदा वाजला, की तिसऱ्यांदा घरचे वायर काढून ठेवतात. बाजारातला प्रमाणित गॅस डिटेक्टर घ्या. आपलं काम एवढंच की त्याच्या भोंग्याच्या तारांवरून ऑप्टोकपलरमार्फत (तारा थेट न जोडता उजेडातून संकेत पुढे देणारा भाग) संकेत घ्यायचा आणि ऐकू न येणाऱ्या बाईच्या मनगटावरच्या थरथरणाऱ्या पट्ट्यापर्यंत पोचवायचा. कल्पना छोटी वाटते, परीक्षकांना कमी आवडते, पण काम करते.

गळती कळल्यावर पंखा आपोआप सुरू करणारा रिले (विजेवर चालणारं स्विच) लावायचा मोह प्रत्येक बॅचला होतो. नको. रिलेची किंवा पंख्याची एक ठिणगी पुरते, कारण हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की तो पेट घेऊ शकतो. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, कोणतंही विजेचं बटण न दाबता बाहेर, आणि बाहेरून १९०६ला, म्हणजे गॅस गळतीच्या मदतवाहिनीला, फोन. ही चार कामं त्या बाईकडून चार वेळा करून घ्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला दाराची खिटी हातानं सापडते का तेही बघा.

*भांडं गरम आहे का?* बधिर हातांसाठी हे फार उपयोगी. लांबून तापमान सांगणारा एमएलएक्स-९०६१४ घेतला जातो आणि तो चकचकीत स्टीलच्या भांड्यावर फसतो. चमकदार धातू उष्णतेचे किरण फार कमी सोडतो, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा बराच खाली येतो, आणि इथं खाली येणं म्हणजे 'हात लावा' असं खोटं सांगणं. गंमत अशी की चुलीवरच्या काजळलेल्या गंजावर (पातेल्यावर) तोच सेन्सर जवळजवळ बरोबर वाचतो. स्टीलसाठी के-टाइप थर्मोकपल (टेकवून तापमान मोजणारी तार) आणि मॅक्स-६६७५ (तिचा आकडा बोर्डाला देणारी चिप) घ्या, टोक भांड्याला टेकवा.

*बोलणारा काटा.* लोडसेल (वजन ओळखणारा सेन्सर) आणि एचएक्स-७११ (त्याचा आकडा बोर्डाला देणारी चिप) जोडून होतो. पण घरच्या वरण-भातासाठी गावात कुणी ग्रॅमनं मोजत नाही, वाटी आणि मूठ पुरते. बचत गटात पापड, शेवया, लाडू विकणाऱ्या अंध बाईला मात्र पाव किलोची पुडी स्वतः तोलता येणं म्हणजे कमाई आहे. तिथं नक्की करा.

७. सांगायचं कसं: आवाज, थरथर, उजेड

कोणताही इशारा निदान दोन वाटांनी द्या. आवाजासाठी डीएफ प्लेयरमध्ये मेमरी कार्ड घाला आणि घरातल्याच कुणाच्या आवाजात, घरात बोलतात तशा बोलीत रेकॉर्ड करा. इंटरनेट लागत नाही. शहरी निवेदिकेचा गोड आवाज मिक्सर चालू असताना कळत नाही.

बोलून हुकूम द्यायची यंत्रं मी खेड्यातल्या स्वयंपाकघरासाठी सहसा सुचवत नाही. वऱ्हाडी किंवा झाडीबोली त्यांना नीट समजत नाही, मेंदूच्या पक्षाघातामुळे बोलणं अडखळत असेल तर त्याहून कमी. एक मोठं, खोल दाबलं जाणारं बटण बरं. इंडक्शन घेतानाही गुळगुळीत काचेवरच्या टचपेक्षा दाबायच्या किंवा फिरवायच्या बटणांचा घ्या. टचचाच घरात असेल तर बटणांच्या शेजारी उंचवट्याचे ठिपके चिकटवा, बटणावर नको.

मनगटाच्या पट्ट्याला संकेत पाठवायला दोन ईएसपी-३२ एकमेकांशी ईएसपी-नाऊ पद्धतीनं थेट बोलतात, राउटर लागत नाही. वायफाय वापरणारच असाल तर हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, मोबाइलचा हॉटस्पॉट त्यावर ठेवा. दिव्याची उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा कमी वेळा ठेवा, घरात कुणाला फिट येत असेल तर जलद चमकणारा दिवा धोक्याचा.

८. लाइन गेली तर?

"तुमचं यंत्र बेस हाय भाऊ, पण लाइन गेली तं मी काय करू?" एका मावशींच्या या प्रश्नापुढे अख्खा गट गप्प झाला होता. साधन बंद पडलं तरी स्वयंपाक पूर्वीसारखा झाला पाहिजे, ही अट पहिल्या दिवशी कागदावर लिहा. गॅसच्या मार्गात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसवून वीज गेल्यावर शेगडीच अडकवून ठेवणारी रचना मला मान्य नाही.

- इंडक्शन २००० वॉटचा असेल तर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या सॉकेटात तो लावला की सॉकेट वितळतं. १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट, जाड वायर, आणि बिलावरचा मंजूर भार पुरेसा आहे का ते बघा.
- अर्थिंग तपासा. तीन पिनांचं सॉकेट आहे आणि तिसऱ्या भोकाला तारच नाही, असं बऱ्याच घरांत असतं. सारवलेली ओली जमीन, अनवाणी पाय. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारं स्विच) लावल्याशिवाय विजेचं काहीही देऊ नका.
- पॉवर बँकेवर चालवणार असाल तर एक गोम आहे: करंट फार कमी ओढला तर ती स्वतःच बंद होते. रात्रभर तपासून बघा.
- लिथियम सेल टिनाच्या छताजवळ किंवा शेगडीशेजारी नको.
- डबीला भोकं ठेवली तर पाल आणि मुंग्या आत जातात, वायर खाली सोडली तर उंदीर कुरतडतात. भोकांना बारीक जाळी, वायरला पाइप.

९. ठेवून या, आणि जवळ दुरुस्ती करणारा शोधा

तुमच्यासमोर चाललेलं यंत्र आणि तुमच्यामागे चाललेलं यंत्र यांत फरक असतो. घरी ठेवा आणि एखादा सण, एक लग्न, एक पाऊस जाऊ द्या. दिवाळीच्या सारवण-रंगरंगोटीत सगळं खाली उतरतं, नंतर ते परत जागेवर गेलं का ते बघा. गेलं नसेल तर कारण विचारा, रागावू नका.

तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. सर्किटचा कागद मराठीत, तारांच्या रंगांसह, डबीच्या आत चिकटवा. जो भाग त्याच्या दुकानात मिळत नाही तो शक्यतो वापरू नका. स्पर्धेला पाठवताना साधनावर त्या ताईंचं नाव तुमच्या नावांशेजारी घाला, त्यांची हरकत नसेल तर.

१०. पैसा

दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, तिची साधनं अलिम्को ही सरकारी कंपनी बनवते, पण त्यात स्वयंपाकाचं फारसं काही मिळत नाही. मार्गदर्शनासाठी नागपूरचं संयुक्त प्रादेशिक केंद्र (दिव्यांगांच्या पुनर्वसनाचं सरकारी केंद्र) आणि जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग. खेड्यात सगळ्यांत जवळचा रस्ता ग्रामपंचायतीचा: स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. लहान गावात ती रक्कम थोडी असते, पण एक आरसीसीबी, एक सॉकेट आणि एक प्रमाणित गॅस डिटेक्टर त्यात बसतो. अर्ज त्या ताईंच्या नावानं, सोबत युडीआयडीची प्रत आणि दुकानाचं दरपत्रक. ग्रामसभेत विषय घ्यायला लावा, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका.